गळ्यावरचे हात

२०१९ च्या पावसाळ्यात मला हृदयविकाराचा झटका आला. इस्पितळातून घरी आल्यावर डॉक्टरांनी सहा आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. वाडीत पाऊल टाकायचे नाही, जिना चढायचा नाही, मिस्सालाही घाईने निघायचे नाही. आयुष्यभर शाळेत उभे राहून शिकवलेल्या माणसाला बिछान्यावर पडून कौलांवरचा पाऊस ऐकत राहणे ही मोठीच शिक्षा होती. माझी तगमग पाहून मुलाने कपाटातून डीव्हीडींचा एक संच काढला आणि म्हणाला, “बाबा, हे पाहा. पहिले दहा भाग कंटाळवाणे वाटतील. पण सोडू नका.”

मालिकेचे नाव होते ‘बॅबिलॉन फाइव्ह’. विज्ञानकथा या प्रकाराविषयी माझे मत तोवर फारसे अनुकूल नव्हते. आकाशातील युद्धे, चित्रविचित्र मुखवटे आणि बंदुकांतून निघणारे प्रकाशझोत यांच्याशी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाचे नाते ते काय? परंतु दुसरा उद्योगही नव्हता. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरे उमटत असल्यामुळे संवाद समजत होते. मी पाहू लागलो. आणि त्या सहा आठवड्यांत माझ्या मनाच्या एका बंद खोलीचे दार त्या मालिकेने असे काही ठोठावले की ते उघडल्यावाचून मला गत्यंतर उरले नाही.

ही अमेरिकन मालिका १९९४ ते १९९८ या काळात पाच पर्वांत प्रसारित झाली. तिची नांदी ठरलेला चित्रपट १९९३ सालचा. एकूण ११० भागांपैकी ९२ भाग जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की या एकाच लेखकाने लिहिले आहेत. दूरदर्शन मालिकांत सहसा असे घडते की, प्रत्येक भागाच्या शेवटी पात्रे होती तिथे परत येतात. काल केलेल्या कृत्याचे ओझे आज कोणाच्याच खांद्यावर नसते. स्ट्रॅझिन्स्की यांनी मात्र पाच वर्षांची कथा आधीच योजून ठेवली होती. तिला आरंभ, मध्य आणि अंत होता. त्यामुळे इथे केलेले कर्म पुसले जात नाही. पहिल्या वर्षी पेरलेले पाचव्या वर्षी कापावेच लागते. लेखक स्वतःला नास्तिक म्हणवतो. परंतु पाप, पश्चात्ताप आणि क्षमा यांविषयी त्याने जितक्या गांभीर्याने लिहिले आहे, तितके गांभीर्य आपल्यासारख्या श्रद्धावंतांच्या लेखनातही क्वचितच आढळते.

तेविसाव्या शतकात मानवांनी अंतराळात उभारलेले हे बॅबिलॉन नावाचे स्थानक म्हणजे निरनिराळ्या ग्रहांवरील लोकांनी युद्ध टाळण्यासाठी एकत्र बसण्याची जागा. तिथे दोन राजदूत आहेत. एक लोंडो मोलारी, सेंटॉरी साम्राज्याचा. हे साम्राज्य आता उतरणीला लागले आहे आणि लोंडोही मद्य, जुगार व गतवैभवाच्या गप्पा यांत बुडालेला आहे. दुसरा जकार, नार्न लोकांचा. सेंटॉरींनी नार्न लोकांना शंभर वर्षे गुलाम केले होते. मालकिणीच्या अंगावर गरम पेय सांडले एवढ्याशा अपराधासाठी जकारच्या बापाला झाडाला टांगून मारण्यात आले होते. त्या दिवसापासून जकारच्या मनात सूडाखेरीज दुसरे काही उरलेले नाही.

पहिल्या पर्वाच्या अगदी पहिल्याच भागात लोंडो आपले एक स्वप्न सांगतो. त्याच्या वंशातील लोकांना आपल्या मृत्यूचे स्वप्न पडते, अशी कथेतील कल्पना आहे. त्या स्वप्नात तो म्हातारा झालेला असतो आणि जकारचे हात त्याच्या गळ्याभोवती आवळलेले असतात. वैऱ्याच्या हातून मृत्यू! ऐकणाऱ्याला वाटते, शेवट कळला; आता पाहायचे काय उरले? या मालिकेचे सारे मर्म पुढे त्या एकाच चित्राच्या बदलत गेलेल्या अर्थात आहे.

लोंडोचा अधःपात पायरीपायरीने होतो. अंधाऱ्या शक्तींचा एक दूत त्याला विचारतो, तुला काय हवे? लोंडो उत्तर देतो, माझ्या लोकांचे गेलेले वैभव. मागणी वरवर पाहता देशभक्तीचीच आहे. ती पुरवली जाते आणि किंमत नंतर सांगितली जाते. १९९५ साली प्रसारित झालेल्या एका भागात सेंटॉरींचा वृद्ध सम्राट नार्न लोकांची क्षमा मागण्यासाठी स्थानकावर येतो. जकार त्याला ठार मारण्याच्या तयारीत असतो. सम्राट वाटेतच कोसळतो. परंतु त्याचा क्षमायाचनेचा निरोप जकारपर्यंत पोहोचतो. शंभर वर्षांत प्रथमच कोणीतरी ‘आमचे चुकले’ असे म्हटलेले असते. हर्षभरित झालेला जकार लोंडोला शोधून काढतो आणि त्याच्यासोबत पेला उंचावतो. लोंडोच्या तोंडून शब्द फुटत नाही. कारण त्याच दिवशी त्याच्याच सूचनेवरून नार्न वसाहतीवर हल्ला झालेला आहे. या भागाला १९९६ साली विज्ञानसाहित्याचा प्रतिष्ठेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. जकारचा तो हसरा चेहरा आणि समोर लोंडोची चोरटी नजर मला अद्याप विसरता आलेली नाही.

त्यानंतर सेंटॉरी नौका नार्न ग्रहावर आकाशातून प्रचंड पाषाण फेकतात. शहरे बेचिराख होतात. नौकेच्या काचेआडून लोंडो ते पाहतो. तो आज्ञा देत नाही, आनंदाने हसतही नाही. तो नुसता उभा राहून पाहतो आणि गप्प राहतो.

जकारचा प्रवास नेमका उलट दिशेचा आहे. सूडापोटी तो एक मादक द्रव्य घेऊन लोंडोच्या मनात बलात्काराने शिरतो आणि त्या झटापटीतच त्याला साक्षात्कार होतो की द्वेषाच्या या चक्रात दोन्ही लोक मरणार आहेत. या गुन्ह्यासाठी त्याला तुरुंगवास घडतो. कोठडीत तो लिहू लागतो. पुढे एका वेड्या सेंटॉरी सम्राटाच्या हाती सापडल्यावर त्याला चाबकाचे फटके बसतात. चाळिसावा फटका प्राण घेणार असतो आणि एकोणचाळीस होईपर्यंत तो ओरडत नाही. संत पौलाने पाच वेळा सोसलेल्या ‘एक कमी चाळीस’ फटक्यांची आठवण आपल्या वाचकांना इथे झाल्यावाचून राहणार नाही. त्याचा एक डोळाही काढला जातो. परंतु मुक्त झाल्यावर त्याचे लोक त्याला राज्यपद देऊ करतात तेव्हा तो ते नाकारतो.

हे सारे पाहत मी पाचव्या पर्वापर्यंत पोहोचलो. या पर्वाच्या दुसऱ्याच भागात लोंडोला हृदयविकाराचा झटका येतो. माझ्या छातीवरची औषधपट्टी तेव्हा अजून निघालेली नव्हती, हे सांगायला नकोच. बेशुद्धीत लोंडोला एक दीर्घ स्वप्न पडते. त्याच्या पाठीमागे कोणीतरी उभे आहे. जगायचे असेल तर त्याने वळून त्या व्यक्तीकडे पाहिले पाहिजे आणि एकच शब्द उच्चारला पाहिजे. तो वळायला तयार नाही. मेलो तरी चालेल, पण ते तोंड पाहायचे नाही! ते तोंड अर्थातच जकारचे असते. जकार त्याच्यावर आरोप ठेवतो तो पाषाण फेकल्याचा नव्हे. पाषाण पडत असताना गप्प राहिल्याचा. लोंडो म्हणतो, मी बोललो असतो तरी काही थांबले नसते. त्यावर जकारचे म्हणणे असे की थांबले असते की नाही हा प्रश्नच नाही. कोणी ऐकले असते की नाही हाही नाही. बोलणे हे तुझे कर्तव्य होते. अखेर लोंडो वळतो आणि क्षमा मागतो. डोळे उघडतो तेव्हा खराखुरा जकार खाटेपाशी उभा असतो.

मी यंत्र बंद केले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

वाचकहो, मिस्साच्या आरंभी आपण सारे मिळून पापांची कबुली देतो, तेव्हा विचार, शब्द आणि कृती यांच्यासोबत आपण जे करायचे टाळले त्याचाही उच्चार करतो. गेली पन्नास वर्षे मी तो उच्चार करीत आलो आहे. छातीवर हात मारतानाही त्याचा माझ्याशी काही संबंध आहे, असे मला कधी वाटले नव्हते.

आमचे वडील १९८३ साली वारले. विहिरीलगतचा वाडीचा तुकडा आपल्या थोरल्या मुलीला द्यावा, असे त्यांनी आजारपणात मला आणि माझ्या मोठ्या भावाला सांगितले होते. लेखी काही नव्हते. वर्षभराने मोठ्या भावाने हक्कसोडपत्र तयार करून आणले. बहिणीने ते वाचले नाही. तिने माझ्याकडे पाहिले. घरात शिकलेला मीच होतो आणि मी मान्य केलेला कागद चुकीचा असणार नाही, असा तिचा विश्वास होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. तिने सही केली. पुढे वसईत जमिनींचे भाव चढले, तो तुकडा विकला गेला आणि माझ्या वाट्याच्या पैशांतून आज मी राहतो त्या घराचा वरचा मजला उभा राहिला. बहिणीचा नवरा अकाली गेला. तिने भाजीच्या पाट्या वाहून मुले वाढवली. सणासुदीला आम्ही भेटत होतो, बोलत होतो. त्या सहीविषयी मात्र कोणीच कधी बोलले नाही. मी कागद केला नव्हता, सही घेतली नव्हती, खोटेही बोललो नव्हतो. मी नुसता खिडकीबाहेर पाहिले होते.

आता त्या मालिकेच्या अखेरच्या भागांकडे वळतो. लोंडोने क्षमा मागितली म्हणून सारे सुरळीत झाले, असे लेखक दाखवत नाही. लोंडोने पूर्वी ज्या शक्तींशी सौदा केला होता त्यांचे हस्तक त्याच्या ग्रहावर ठाण मांडून बसलेले असतात. शहरांखाली स्फोटके पेरलेली आहेत. लोंडोने सम्राट होऊन त्यांच्या हातचे बाहुले व्हावे. नाहीतर लाखो लोक मरतील. एक डोळा असलेला राखणदार प्राणी त्याच्या खांद्यावर चिकटणार आहे. तो त्याचा प्रत्येक शब्द ऐकेल, त्याच्या हालचालींवर ताबा ठेवील. लोंडो हे जोखड पत्करतो. ज्या सत्तेसाठी त्याने आत्मा गहाण टाकला ती त्याला मिळते, तेव्हा ती त्याला शिक्षा म्हणून मिळते. मात्र या वेळी तो ती स्वतःसाठी घेत नाही. इतरांचे प्राण वाचावेत म्हणून घेतो.

सिंहासनावर बसण्यापूर्वी तो जकारचा निरोप घेतो. खरे कारण त्याला सांगता येत नाही. तेव्हा जकार त्याला जे सांगतो त्याचा आशय असा, की माझे लोक तुझ्या लोकांना कधीही क्षमा करू शकणार नाहीत. पण मी तुला क्षमा करू शकतो. हा भाग १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये दाखवला गेला. पीटर जुरासिक आणि अँड्रियास कात्सुलास हे दोन नट जाड रंगलेपाखालूनही ज्या संयमाने हा प्रसंग साकारतात, त्याला तोड नाही. कात्सुलास २००६ साली निवर्तले.

मला या प्रसंगात महत्त्वाची वाटली ती क्षमेची मर्यादा. जकार सर्वांच्या वतीने क्षमा करीत नाही. मेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे तो जाणतो. आपल्या ताब्यात जेवढे आहे तेवढेच तो देतो. पण ते पूर्णपणे देतो. दुसरी गोष्ट अशी की क्षमा मिळूनही लोंडोच्या खांद्यावरचे जोखड टळत नाही. पापाच्या दोषाची क्षमा झाली तरी पापाने केलेली हानी भरून काढायची उरते. म्हणूनच धर्मगुरू पापविमोचन देताना प्रायश्चित्तही सांगतात, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. जक्कयाने प्रभूचे स्वागत नुसत्या अश्रूंनी केले नाही; ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत देण्याचे त्याने जाहीरपणे कबूल केले. लोंडोची उरलेली वर्षे हे त्याचे प्रायश्चित्त आहे.

आणि मग ते स्वप्न. लोंडोच्या मृत्यूचा प्रसंग लेखकाने १९९६ सालीच, तिसऱ्या पर्वात, भविष्यदर्शनाच्या रूपाने दाखवून ठेवला होता. परंतु त्याचा पुरता अर्थ शेवटच्या पर्वानंतरच उमगतो. म्हातारा सम्राट भरपूर मद्य पितो. कारण मद्याने खांद्यावरचा राखणदार झोपी जातो. त्या अवधीत तो बंदिवान मित्रांची सुटका करतो. राखणदार जागा झाला तर हे सारे उघडकीस येईल, म्हणून तो सोबत असलेल्या जकारला विनवतो, की तो जागा होण्यापूर्वी मला मार. जकारचे हात त्याच्या गळ्याभोवती पडतात. इतक्यात राखणदार जागा होतो, लोंडोचे हात त्याच्या इच्छेविरुद्ध जकारच्या गळ्याकडे जातात आणि दोघेही एकत्र मरतात. पहिल्या भागात सांगितलेले चित्र अक्षरशः खरे ठरते. तेच सिंहासन, तोच म्हातारा, गळ्यावर तेच हात! मात्र ते हात आता वैऱ्याचे नाहीत. या जगात लोंडो ज्याच्याकडे असली मागणी करू शकेल असा एकच माणूस उरला आहे, त्याचे ते हात आहेत.

शेवट न बदलता माणूस बदलतो, हे दाखवणे फार कठीण आहे. सामान्य लेखकाने लोंडोला मृत्यूपासून वाचवले असते. स्ट्रॅझिन्स्की यांनी मृत्यू तसाच ठेवला आणि त्याचा अर्थ बदलला. क्रूसावरील मरणावर श्रद्धा ठेवणाऱ्या आपल्याला हे अनोळखी वाटू नये.

याउलट अखेरच्या भागांत लेनियर नावाच्या एका सज्जन तरुणाचे पतन होते. तो पाच वर्षे निष्ठेने सेवा करतो. परंतु आपल्या स्वामिनीवर त्याचे मूक प्रेम असते. शेवटून दुसऱ्या भागात तिचा नवरा विषारी वायूने भरलेल्या जागेत कोंडला जातो, तेव्हा लेनियर दार उघडत नाही; पाठ फिरवून निघून जातो. क्षणात पश्चात्ताप होऊन तो परत येतो, तोवर त्या माणसाने स्वतःचे प्राण वाचवलेले असतात. दोघांची नजरानजर होते आणि लेनियर पळून जातो. लोंडोचे अपराध या एका क्षणापेक्षा हजारपट मोठे. परंतु लोंडो वळून पाहतो आणि लेनियर पळतो. पेत्रानेही नाकारले आणि यहुदानेही धरून दिले. पेत्र रडून परत आला. फरक अपराधाच्या वजनात नसून तोंड कोणत्या दिशेला वळले यात आहे, असे मला त्या रात्री प्रथमच वाटले.

सहा आठवडे संपल्यावर मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो तो बहिणीकडे गेलो. ती ओट्यावर भेंडी निवडत बसली होती. मी सारे सांगितले: वडिलांचे शब्द, तो कागद, ती खिडकी. तिचे हात थांबले नाहीत. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मला ठाऊक होतं. बाबांनी मलाही सांगितलं होतं. तू काय बोलतोस, तेच मी बघत होते.”

पस्तीस वर्षे ती जाणून होती आणि नाताळात माझ्या घरी करंज्यांचा डबा पाठवत होती! मी माझ्या वाट्याचे पैसे परत करण्याची गोष्ट काढली. ती म्हणाली, “पैशाचं नंतर बघू. माझ्या मुलांसमोर सांग. त्यांना वाटतं, आई अडाणी म्हणून फसली.”

पुढच्या रविवारी मिस्सानंतर मी तिच्या मुलांसमोर, सुनांसमोर आणि माझ्या स्वतःच्या मुलासमोर ते सांगितले. मला वाटले होते त्यापेक्षा ते फार अवघड गेले. बोलायला मात्र चार मिनिटेही लागली नसतील. थोरला भाचा काही न बोलता उठून गेला. आजही तो माझ्याशी बोलत नाही आणि तो त्याचा अधिकार आहे. वरच्या मजल्याचे भाडे तेव्हापासून बहिणीच्या खात्यात जमा होते. ती हानी त्यातून भरून निघेल, अशी माझी समजूत नाही.

मालिकेचा शेवटचा भाग २५ नोव्हेंबर १९९८ रोजी प्रसारित झाला. तो चौथ्या पर्वाच्या वेळीच चित्रित करून ठेवला होता. कारण पाचवे पर्व होईल याची तेव्हा शाश्वती नव्हती. त्यात वीस वर्षांनंतर जुने मित्र जेवणाला जमतात. लोंडो आणि जकार आता नाहीत. लोंडोचा जुना मदतनीस व्हिर, जो आता सम्राट आहे, एक आठवण सांगतो. पाकमारा नावाचे एक लोक असतात. मेलेले मांस खाणारे, सर्वांनी नाक मुरडावे असे. एकदा त्यांच्या गाण्याचे सूर कानी पडले. ते इतके सुंदर होते, की लोंडोच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, की आपल्या लोकांच्या इतक्या देवांपैकी एकावरही माझा कधी विश्वास बसला नाही. पण त्यांतला एक जरी खरा असेल, तर तो याच आवाजात गात असेल.

बहिणीच्या ओट्यावर मला गाणे ऐकू आले नाही. भेंडीचे देठ मोडल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. पण इतकी वर्षे ज्या तोंडाकडे मी पाहिले नव्हते, ते मला त्या दिवशी पाहता आले. निघताना तिने उरलेली भेंडी कागदात बांधून माझ्या हाती दिली आणि उन्हात जाऊ नकोस, सावलीतून जा, असे बजावले.